शिकाऊ, कारागीर, उस्ताद: फ्रीमेसनरीच्या तीन डिग्र्यांतून जाणाऱ्यांसाठी

फ्रीमेसनरी हा एक जुना बंधुसंघ, लॉज म्हणजे त्याची स्थानिक शाखा आणि डिग्री म्हणजे तिथे विधीने मिळणारी एकेक पायरी. लॉजमध्ये पहिल्यांदा गेलेल्या माणसाचा गोंधळ उडतो तो एकाच कारणाने. तिथे आधी समजावून सांगत नाहीत, आधी करायला लावतात. चाला, थांबा, गुडघा टेका, उत्तर द्या. अर्थ मागाहून येतो, आणि बराचसा अर्थ तर घरी गेल्यावर, कित्येक आठवड्यांनी. माझ्या पहिल्या डिग्रीनंतर दोन महिने मी स्वतःला विचारत होतो की आपल्याला नेमकं मिळालं काय. तेव्हा कुणी वाट दाखवली असती तर बराच वेळ वाचला असता, म्हणून हे लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी लागेल. मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. दगडी इमारती बांधणाऱ्या कारागिरांनी आपसात कसं वागावं याचे नियम सांगणारी, साधारण १३९० च्या सुमाराची एक इंग्रजी पद्यरचना आजही उपलब्ध आहे. पुढे या कारागिरांच्या लॉजमध्ये बांधकामाशी संबंध नसलेली माणसंही येऊ लागली. २४ जून १७१७ ला लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवर देखरेख करणारी मध्यवर्ती संस्था, स्थापन केली आणि १७२३ मध्ये तिची नियमावली छापली गेली. दगड मागे पडला, अवजारं राहिली, आणि त्या अवजारांनी आता माणूस घडवायचा असं ठरलं. सुरुवातीला डिग्र्या दोनच होत्या. तिसरी १७२० च्या दशकात रूढ झाली. म्हणून आजचा क्रम असा: एंटर्ड अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ, फेलो क्राफ्ट म्हणजे कारागीर आणि मास्टर मेसन म्हणजे उस्ताद.

एक मर्यादा आधीच सांगतो. ओळखीच्या खुणा, शब्द आणि हात मिळवण्याच्या पद्धती गुप्त ठेवण्याचं वचन मी दिलेलं आहे. त्या इथे सापडणार नाहीत. विधींमध्ये काही क्षण असे आहेत की ते आधी कळले तर त्यांची धार जाते. तेही मी मोघमच ठेवणार आहे. बाकी नीतीची शिकवण उघड आहे, त्यावर भरपूर बोलता येतं.

१. आधी स्वतःला विचारा: कशासाठी?

हा प्रश्न तुम्हाला लॉजमध्येही विचारला जाईल, तेव्हा उत्तर घरूनच शोधून न्या. व्यवसायात ओळखी वाढतील, बढती मिळेल, कुणीतरी काम करून देईल अशा अपेक्षेने जाणाऱ्याला तिथे जागा नाही. प्रवेशाच्या वेळी उमेदवाराकडून स्पष्ट वदवून घेतात की तो आर्थिक किंवा तत्सम स्वार्थासाठी आलेला नाही. ते वाक्य खोटं बोलून पहिली पायरी चढलात, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच खोट्यावर उभ्या राहतात.

दुसरी अट श्रद्धेची. नियमित मानल्या जाणाऱ्या लॉजमध्ये परमेश्वरावर, एका सर्वोच्च शक्तीवर विश्वास असावा लागतो. ती शक्ती कोणत्या नावाची, हे कुणी विचारत नाही. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेता येते. बैठकीत धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर वाद घालायला मनाई आहे, आणि ही मनाई किती मोलाची आहे ते आत बसल्यावर कळतं. बाहेर ज्याच्याशी माझं एकाही बाबतीत जमलं नसतं, अशा माणसाच्या शेजारी मी वर्षानुवर्षं शांतपणे बसलो आहे.

तुमच्या धर्मसंस्थेची भूमिकाही पाहून घ्या. कॅथॉलिक चर्चने १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांच्या फर्मानाने आपल्या अनुयायांना फ्रीमेसन व्हायला मनाई केली आणि ती मनाई आजही कायम आहे. हे नंतर कळून मनस्ताप होण्यापेक्षा आधी विचार झालेला बरा.

२. योग्य दार ठोठवा

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे, आणि तो फोनवर येतो. ‘सदस्य व्हा, श्रीमंत व्हा’, ‘गुप्त मंडळात प्रवेश, आजच नोंदणी शुल्क भरा’ असे निरोप येतात, कधी मेसनांच्या गुण्या (काटकोन तपासायचं गवंड्याचं अवजार) आणि कंपासच्या चिन्हासकट. हे सगळे भामटे असतात. कोणतीही खरी लॉज अनोळखी माणसाला निरोप पाठवून पैसे मागत नाही आणि संपत्तीचं आमिष दाखवत नाही. खरी वाट एवढीच: ओळखीच्या सदस्याला विचारा, किंवा आपल्या भागातल्या ग्रँड लॉजच्या कार्यालयाशी थेट संपर्क साधा. एखादी लॉज मान्यताप्राप्त आहे का, हेही तेच कार्यालय सांगतं.

इंग्लंडच्या परंपरेतल्या लॉज फक्त पुरुषांना घेतात. स्त्रियांसाठी स्वतंत्र संघटना आहेत. ऑर्डर ऑफ विमेन फ्रीमेसन्स १९०८ पासून काम करते आहे, आणि १८९३ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘द्र्वा ह्युमँ’ या शाखेत स्त्री-पुरुष दोघंही असतात. डिग्र्यांची शिकवण तिथेही मूळ तीच आहे.

बंधुसंघ फक्त मेसनांचेच नाहीत, हेही लक्षात असू द्या. ऑड फेलोज ही संघटना अमेरिकेत थॉमस वाइल्डी यांनी २६ एप्रिल १८१९ ला बाल्टिमोरमध्ये सुरू केली. तिच्या डिग्र्या मैत्री, प्रेम आणि सत्य या तीन शब्दांभोवती गुंफलेल्या आहेत आणि आजाऱ्याला भेटणं, संकटातल्याला सोडवणं, मृताला मूठमाती देणं, अनाथाला शिकवणं ही तिची जुनी कर्तव्यं. नाइट्स ऑफ पिथियस १८६४ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना वॉशिंग्टनमध्ये निघाली. मित्रासाठी जीव गहाण ठेवणाऱ्या डेमन आणि पिथियसची गोष्ट तिच्या केंद्रस्थानी आहे. कॅथॉलिक पुरुषांसाठी नाइट्स ऑफ कोलंबस आहे, १८८२ मध्ये फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी स्थापन केलेली. मी स्वतः मेसन असल्यामुळे पुढचं सगळं त्या वाटेने सांगतो, पण पायरीपायरीने एकेक गुण अंगी लावण्याची युक्ती सगळीकडे सारखीच आहे.

३. अर्ज, कागद आणि घरची माणसं

अर्जासाठी साधारण एवढं तयार ठेवा:
– भरलेला अर्ज, त्यावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सदस्यांच्या सह्या
– ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, वयाचा दाखला (वयाची अट बहुतेक ठिकाणी १८ किंवा २१ पूर्ण)
– छायाचित्रं
– गुन्हा सिद्ध झालेला नसल्याचं लेखी निवेदन, जिथे मागतात तिथे
– प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणी. दोन्हींचा आकडा आधी लेखी मागा

वर्गणीबद्दल विचारायला संकोचू नका. घरखर्चाला तोशीस लागणार असेल तर अर्ज करू नका, असं जुने सदस्य स्वतःहून सांगतात. कुटुंबाच्या पोटाला चिमटा काढून कुणी यावं अशी कुणाचीच इच्छा नसते. गणवेशाचंही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी गडद सूट, पांढरा शर्ट, पांढरे हातमोजे लागतात. पहिला एप्रन लॉजच देते.

मग दोन-तीन सदस्य तुम्हाला भेटतात, अनेकदा घरीच येतात. जोडीदाराशी या भेटीच्या आधी मोकळेपणी बोला. महिन्याची किती संध्याकाळ जाणार, पाठांतराला किती वेळ लागणार, हे सगळं. माझ्या घरी मी अर्धवटच सांगितलं होतं. ‘गुप्त’ हा शब्द तेवढा घरात राहिला आणि वर्षभर संशयाचा खडा टोचत राहिला. चूक पूर्णपणे माझी होती. गुप्त आहे ते फारच थोडं; कुठे जातो, कुणाबरोबर असतो, काय शिकतो हे घरी सांगायला कसलीच बंदी नाही.

त्यानंतर मतदान. पांढरे आणि काळे गोळे पेटीत टाकून ते होतं. किती काळे गोळे पडल्यावर अर्ज फेटाळायचा हे लॉजप्रमाणे बदलतं, काही ठिकाणी एकच पुरतो. निकाल लागायला वेळ जातो. तो जाऊ द्या.

४. पहिल्या डिग्रीआधी काय करायचं, काय टाळायचं

काय टाळायचं ते आधी. विधींचा मजकूर इंटरनेटवर सहज मिळतो. १७३० मध्येच लंडनमध्ये तिन्ही डिग्र्यांची माहिती फोडणारी पुस्तिका छापली गेली होती, त्यामुळे यात नवल नाही. पण तुम्ही वाचू नका. मी तिसऱ्या डिग्रीआधी मोह न आवरून सगळं वाचून काढलं होतं. प्रत्यक्ष विधीत माझं मन वाचलेलं आणि घडणारं ताडून पाहण्यात गुंतलं. ज्या क्षणी अंतर्मुख व्हायचं, त्या क्षणी मी ‘आता पुढे हे’ असं मोजत होतो. ती रात्र पुन्हा मिळत नाही. आयुष्यात एकदाच होणारा अनुभव मी स्वतःच्या हाताने पातळ करून घेतला, याची हळहळ अजून आहे.

करायच्या गोष्टी साध्या. त्या दिवशी अंगावरच्या धातूच्या वस्तू काढून ठेवायला सांगतात, म्हणून घड्याळ, साखळी, मौल्यवान काही घरीच ठेवा. अंगठी निघत नसेल तर तसं आधी सांगा, त्यावर तोड निघते. पँटचा एक पाय गुडघ्यावर दुमडावा लागतो, तेव्हा घट्ट पायांची पँट नको. काही काळ डोळ्यांवर पट्टी असते. कुणीतरी सतत तुमचा हात धरून असतो. त्याच्या हातावर भरवसा ठेवा, तो तुम्हाला कुठेही पडू देणार नाही.

शपथेची भीती अनेकांच्या मनात असते. ती देण्याआधी तुम्हाला सांगितलं जातं की तुमच्या धार्मिक, नैतिक किंवा नागरी कर्तव्यांच्या आड येईल असं तिच्यात काही नाही. जुन्या काळच्या भयंकर प्रतीकात्मक शिक्षांची वर्णनं तुम्ही ऐकली असतील. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने ती १९८६ मध्ये शपथेतून काढून टाकली.

५. पहिली डिग्री: अनघड दगड

पहिली डिग्री जन्मासारखी आहे. हातात काही नाही, दिसत काही नाही, दुसऱ्याच्या आधाराने चालायचं. तुमचं पद, शिक्षण, बँकेतली शिल्लक, सगळं दाराबाहेर. माझ्याआधी एक मोठ्या हुद्द्यावरचा माणूस आणि माझ्यानंतर एक नुकताच नोकरीला लागलेला तरुण याच अवस्थेत त्याच जमिनीवरून चालत गेले. समतेवर मी कितीतरी भाषणं ऐकली होती; ती अंगावर आली ती त्या काही मिनिटांत.

मग तुम्हाला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. नव्या इमारतीचा पहिला दगड ईशान्येला बसवण्याची पाश्चात्त्य रीत आहे, आणि तो दगड आता तुम्ही आहात. तिथे तुमच्यासमोर एक विनंती येते. ती काय हे लिहीत नाही. विषय दानाचा आहे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कसं वाटतं हे त्या विनंतीनंतर तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

मिळणारा एप्रन पांढरा, कोकराच्या कातड्याचा. निर्मळपणाची आणि कामाची खूण. तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं हाच एप्रन अभिमानाने बांधत आली, असं सांगतात. मला त्यातला ‘काम’ हा अर्थ जास्त भावतो. एप्रन बांधून कुणी आरामात बसत नाही.

आता अवजारं. इंग्लिश पद्धतीत तीन: चोवीस इंची पट्टी, हातोडी आणि छिन्नी. अमेरिकेत पहिली दोनच. हातोडी म्हणजे सदसद्विवेकाचा जोर, जो आतले फालतू विचार झोडून काढतो. छिन्नी म्हणजे शिक्षणाची धार. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून आला तसा खडबडीत आणि एक तासून चौकोनी केलेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ती म्हण डोळ्यांसमोर दगडाच्या रूपात असते. फरक एकच, आणि तो मला मोलाचा वाटतो. इथे पाथरवट आणि दगड एकच आहेत. टाकी तुमच्याच हातात आहे आणि घाव तुमच्यावरच घालायचे आहेत, शेजारच्याच्या दगडावर नाही.

६. डिग्र्यांमधलं अंतर: खरा अभ्यास इथे आहे

माझा सगळा आग्रह या पायरीवर आहे. डिग्री एका संध्याकाळी मिळते. ती अंगी लागते मधल्या काळात, आणि हा काळ लोक वाट पाहण्यात घालवतात.

इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या नियमांप्रमाणे दोन डिग्र्यांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. बऱ्याच लॉजमध्ये त्याहून खूप जास्त वेळ घेतात. अमेरिकेत काही ठिकाणी एकाच दिवसात तिन्ही डिग्र्या देण्याचे कार्यक्रमही होतात. त्याची कारणं मला समजतात, माणसांना वेळ नसतो; तरी तुम्हाला निवड असेल तर ती वाट घेऊ नका. पेरलं त्याच दिवशी कापायला बसल्यासारखं ते आहे.

या काळात दोन कामं. पहिलं पाठांतर. पुढच्या डिग्रीआधी काही ठराविक प्रश्नांची उत्तरं सर्वांसमोर द्यावी लागतात. रोज दोन ओळी, मोठ्याने, चालता चालता. हीच पद्धत मला लागू पडली. मेसन पाठांतराला किती मानतात याचं उदाहरण म्हणजे लंडनची इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट. १८२३ मध्ये स्थापन झालेल्या या लॉजमध्ये आख्खा विधी एकही चूक न करता म्हणणाऱ्याला चांदीची काडेपेटी देतात. पण सापळाही इथेच आहे. माझे मार्गदर्शक बंधू वयाने बरेच मोठे. मी सगळी उत्तरं एका दमात म्हणून दाखवली तेव्हा ते म्हणाले, “पाठ छान झालंय. आता यातलं एक वाक्य मला तुमच्या शब्दांत सांगा बघू.” मला एकही सांगता आलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “मग आज एवढंच. पुढच्या वेळी एक वाक्य आणा, पण समजून आणा.” तुम्हालाही असा मार्गदर्शक मिळेल. त्याला वेळ द्या, त्याचा वेळ मागा.

दुसरं काम अवजार वापरण्याचं. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यातला काही भाग प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, आणि काही अडचणीतल्या मित्राला किंवा बंधूला मदत करायला, स्वतःचं आणि घरच्यांचं नुकसान न करता. अमेरिकन पद्धतीत याचे आठ-आठ तासांचे तीन सरळ भाग करतात. मी एक वही केली आणि रोज झोपण्याआधी तास लिहू लागलो. कामाचा रकाना तुडुंब. विश्रांतीच्या रकान्यात बहुतेक वेळ फोन. आणि मदतीचा रकाना सलग अकरा दिवस रिकामा. मी स्वतःला बऱ्यापैकी भला माणूस समजत होतो. अकरा कोऱ्या चौकटी पाहून मान खाली गेली. बाराव्या दिवशी आमच्या लॉजमधल्या एका अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठ बंधूंकडे गेलो आणि तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवलं. नंतर दर गुरुवारी जाऊ लागलो. पट्टीची शिकवण मला लॉजमध्ये कळली नव्हती, त्या वहीत कळली.

म्हणून सांगतो, पहिल्या डिग्रीनंतर निदान एक महिना ही वही ठेवा. कुणाला दाखवायची गरज नाही.

७. दुसरी डिग्री: गुण्या, पाणसळ, ओळंबा

तिन्हींपैकी हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पहिलीत नवलाई असते, तिसरीत नाट्य. मधली बिचारी पायरी म्हणून ओलांडली जाते. माझ्या मते रोजच्या जगण्याला सगळ्यात जास्त कामाची हीच.

पहिली जन्माची, तर ही कर्त्या वयाची. इथे गोलाकार जिना वर्णनात येतो, तीन, पाच आणि सात पायऱ्यांचा. सात म्हणजे जुन्या सात विद्या: व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. शिकणं हे नैतिक कर्तव्य आहे, असं ही डिग्री बजावते. अज्ञान ही तिच्या लेखी निरागसता नाही. मजुरीची गोष्टही येते: कारागीर आपली मजुरी संकोच न करता, शंका न घेता घेत, कारण आपण ती कमावली आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर त्यांचा विश्वास होता. दोन्ही बाजूंची सचोटी एका वाक्यात आली आहे.

अवजारं तीन. तीच लॉजच्या तीन प्रमुख अधिकाऱ्यांच्या गळ्यातही दिसतील: मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यात गुण्या, सीनियर वॉर्डनच्या पाणसळ (आडवी पातळी पाहायची), ज्युनियर वॉर्डनच्या ओळंबा (उभी सरळ रेषा पाहायचा). गुण्या नीतीचा, पाणसळ समतेची, ओळंबा सरळ वागण्याचा. एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण हे अर्थ कळायचे तर अवजार हातात घ्यावं लागतं, म्हणून मी एका गवंड्याकडून समजून घेतलं.

गुण्या बरोबर आहे का हे तो कसं तपासतो? सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ मारतो, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारतो. दोन रेघा जुळल्या तर गुण्या खरा. नाही जुळल्या तर जो फरक दिसतो तो मूळ चुकीच्या दुप्पट असतो. मी थक्क झालो. आपण दुसऱ्याला गुण्या लावतो, पण आपला गुण्याच वाकडा असेल तर? उलटा करून पाहायचा, म्हणजे समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवायचं. मी त्याच्याशी वागलो तसं तो माझ्याशी वागला असता तर मला चाललं असतं का? रेघा जुळल्या नाहीत तर चूक मला वाटते त्याच्या दुप्पट असेल. आजही भांडणानंतर मी हे करतो.

ओळंब्याचं त्याने असंच सांगितलं. सोडल्या सोडल्या तो हलत असतो. तेव्हा मोजायचं नाही. थांबू द्यायचा. रागात असताना कोण सरळ आणि कोण वाकडा हे ठरवू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

या डिग्रीनंतर सात विद्यांपैकी एक निवडा आणि वर्षभर तिचा खरोखर अभ्यास करा. मी भूमिती घेतली. तीन, चार आणि पाच मापांच्या बाजूंनी काटकोन कसा बनतो इथपासून सुरुवात केली.

८. तिसरी डिग्री: शेवट डोळ्यांसमोर

हिच्याबद्दल मी सर्वांत कमी लिहिणार आहे. विषय मृत्यूचा आहे, आणि दिलेल्या शब्दाचा. बायबलमधल्या राजा सॉलोमनच्या मंदिराचा प्रमुख कारागीर हायरम याची आख्यायिका इथे सांगतात. बायबलमध्ये या नावाचा कारागीर आहे, पण मेसनांची कथा त्यापलीकडची, त्यांच्या परंपरेतली आहे. इतिहास म्हणून तिच्याकडे पाहू नका. दबाव आला, जिवावर बेतलं, तर तुम्ही दिलेला शब्द पाळाल का, हा तिचा प्रश्न. तो ऐकायचा नसतो. त्यातून जायचं असतं.

तयारी काय करावी? त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. अंगात ताप, पाठदुखी, गुडघेदुखी असेल तर आधी कळवा. लवकर पोचा, शांत बसा. विधीनंतर गप्पांत रमायची घाई करू नका.

इंग्लिश पद्धतीतली इथली अवजारं: आखणीची दोरी, पेन्सिल आणि कंपास. दोरी सरळ आचरणाची रेघ आखते. पेन्सिल आठवण देते की आपलं बोलणं-वागणं नोंदलं जातंय. कंपास आपल्या वासनांना आणि मोहांना मर्यादेचं वर्तुळ घालतो. अमेरिकेत इथे गवंड्याची थापी मुख्य मानतात. ती बंधुप्रेमाचा गिलावा पसरते.

एक बारीक गोष्ट नक्की पाहा. धर्मग्रंथावर गुण्या आणि कंपास ठेवलेले असतात. पहिल्या डिग्रीत कंपासची दोन्ही टोकं गुण्याखाली झाकलेली, दुसऱ्या डिग्रीत एक टोक वर, तिसऱ्यात दोन्ही. तुम्ही कुठवर आलात हे कुणी न बोलता तिथे मांडलेलं असतं. मला हे तिसऱ्या डिग्रीनंतर दोन वर्षांनी लक्षात आलं, तेही दुसऱ्या कुणाच्या विधीत.

९. त्यानंतर

‘तेहतिसावी डिग्री’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल आणि तिसरी म्हणजे जेमतेम सुरुवात, असं वाटेल. तसं नाही. क्राफ्ट लॉजमध्ये, म्हणजे या तीन डिग्र्या देणाऱ्या मूळ लॉजमध्ये, मास्टर मेसनच्या वर डिग्री नाही. इंग्लंडमधल्या दोन ग्रँड लॉज १८१३ मध्ये एक झाल्या तेव्हा त्यांनी जाहीर केलं की शुद्ध प्राचीन मेसनरीत तीनच डिग्र्या आहेत, रॉयल आर्च (तिसरीला जोडून येणारा विधी) धरून. स्कॉटिश राइट या पुढच्या डिग्र्या देणाऱ्या वेगळ्या शाखेची पहिली सुप्रीम कौन्सिल, म्हणजे सर्वोच्च मंडळ, १८०१ मध्ये अमेरिकेत चार्ल्सटनला स्थापन झाली. तिच्या चौथ्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या डिग्र्या हा वेगळा, जोडीचा अभ्यास आहे, आणि तेहतिसावी सन्मानाने दिली जाते. त्या घेतल्याने कुणी साध्या मास्टर मेसनपेक्षा मोठा होत नाही. नव्या सदस्याला उत्साहाच्या भरात दोन-तीन संघटनांत ओढलं जातं, वर्गण्या वाढतात, संध्याकाळी घर रिकामं राहतं. निदान दोन वर्षं स्वतःच्याच लॉजमध्ये बसा. नम्रपणे ‘अजून नको’ म्हणता येतं, कुणी रागावत नाही.

या दोन वर्षांत एखादं छोटं काम अंगावर घ्या: आजारी सदस्यांची यादी ठेवणं, विधवा भगिनींची चौकशी करणं, विधीतला एखादा उतारा म्हणणं. लॉजमध्ये पटलं नाही, कुणी शब्दाला जागलं नाही, असंही होईल. घडीव दगड लॉजमध्ये एकच ठेवलेला असतो. खुर्च्यांवर बसलेले सगळे अजून तासले जात आहेत, तुमच्यासकट.

आणि प्रत्येक नव्या उमेदवाराच्या पहिल्या डिग्रीला हजर राहा. जागा मिळाली तर ईशान्य कोपरा समोर दिसेल अशी घ्या. त्याला ती विनंती केली जाते तेव्हा त्याचा चेहरा पाहा.